एकही गोळी न घेतलेली बाळं

घसा खवखवायला लागला की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, 'अझिथ्रो आहे का रे कोणाकडे?' कोणाच्या तरी बॅगेत मागच्या वेळच्या दोन गोळ्या उरलेल्या असतातच. त्या घेतल्या जातात, तीन-चार दिवसांत बरं वाटतं आणि सगळं क्रेडिट गोळीला मिळतं. खरं तर सर्दी-खोकला बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतो आणि अँटिबायोटिक चालतं फक्त बॅक्टेरियावर. म्हणजे सर्दी आपली आपणच बरी झालेली असते.

मग बिघडलं कुठे? आपल्या घशात, पोटात, त्वचेवर असंख्य बॅक्टेरिया राहतात. गोळीने त्यातले कमकुवत मरतात, गोळी पचवणारे उरतात आणि वाढतात. आणि ही विद्या ते स्वतःपुरती ठेवत नाहीत. औषधाला दाद न देण्याचे जीन्स ते शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालाही देतात. ग्रुपवर नोट्स फॉरवर्ड कराव्यात, अगदी तसं!

याची सगळ्यात मोठी किंमत मोजतात ती एनआयसीयूमधली, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातली बाळं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा पातळ असते, प्रतिकारशक्ती कच्ची. त्यात सलाईनची सुई, दुधाची नळी, श्वासाची नळी. जगवणारी प्रत्येक नळी ही जंतूंसाठी एक वाट असते.

दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांमध्ये २०११ ते २०१४ या काळात १३ हजारांहून जास्त नवजात बाळांचा अभ्यास झाला. २०१६ मध्ये तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दगावली. सगळ्यात जास्त सापडलेला जंतू होता ॲसिनेटोबॅक्टर आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक अँटिबायोटिक्सना पुरून उरणारे होते. बरेचसे संसर्ग तर जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले. या बाळांनी आयुष्यात अजून औषधाचा एक डोसही घेतलेला नसताना औषधं निकामी झाली होती.

आपली हॉस्टेलवरची गोळी थेट त्या बाळापर्यंत पोहोचते का? नाही, इतकं सरळ ते नाही. रुग्णालयातली गर्दी, न धुतलेले हात, अपुरे कर्मचारी, गरज नसताना लिहिलेली औषधं, कोंबड्यांच्या खाद्यातून दिलेली अँटिबायोटिक्स, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. कोलिस्टिन हे डॉक्टरांचं अगदी शेवटचं हत्यार. तेही जनावरं आणि कोंबड्यांना दिलं जात होतं, म्हणून भारत सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. पण या सगळ्या ओढ्यांचं पाणी एकाच तळ्यात जातं आणि आपलाही एक ओढा आहेच.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच नोबेलच्या भाषणात सांगितलं होतं, की अर्धवट डोस घेतला तर जंतू औषधाला सरावतील. नवी अँटिबायोटिक्स फार हळू येतात आणि नवजात बाळांवर तपासलेली तर आणखी कमी.

मग आपण काय करायचं? औषधाच्या स्ट्रिपवर उभी लाल रेषा दिसली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नाही. उरलेल्या गोळ्या मित्राला द्यायच्या नाहीत. डॉक्टरांकडे 'स्ट्राँग काहीतरी द्या' असा हट्ट धरायचा नाही; उलट 'अँटिबायोटिकची खरंच गरज आहे का?' असं बिनधास्त विचारायचं. दिलंच, तर सांगितलेला कोर्स पूर्ण करायचा.

आणि ताईला बाळ झालं, की भेटायला जायची घाई आवरा. सर्दी असेल तर थेट बारशालाच जा. गेलात तर आधी साबणाने हात धुवा आणि बाळाचा पापा घेऊ नका. आईचं दूध आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असं बाळाला धरणं, ज्याला कांगारू मदर केअर म्हणतात, यामुळे कमी वजनाच्या बाळांमधले संसर्ग कमी होतात. घरातलं कोणी त्याला 'नवीन फॅड' म्हणालं, तर ताईची बाजू घ्या.