प्रसूती रजा आणि वार्षिक रजा : खाती दोन, हिशेब वेगळे

नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या गरोदरपणात घरात आनंदाबरोबर रजेचा हिशेबही सुरू होतो. प्रसूती रजा केव्हापासून घ्यावी, साठवलेल्या भरपगारी रजेचे काय करावे, बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घरी राहता येईल का, हे प्रश्न बहुतेकींना पडतात. पुष्कळदा त्यांची उत्तरे कायद्यातून मिळण्याऐवजी कार्यालयातील ऐकीव माहितीवरून मिळतात. ‘आधी शिल्लक रजा संपवा, मग प्रसूती रजेचा अर्ज द्या’ असे सांगितले जाते आणि हक्काचे दिवस हातचे जातात. म्हणून मूळ तत्त्व आरंभीच ध्यानात घ्यावे. प्रसूती रजा आणि वार्षिक रजा ही दोन स्वतंत्र खाती आहेत आणि एकाची तूट दुसऱ्यातून भरून घेण्याचा अधिकार मालकाला नाही.

हा हक्क आला कोठून

प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला पगार मिळावा, हा विचार आपल्या भागात जुना आहे. मुंबई इलाख्यात १९२९ साली त्यासाठी कायदा झाला. त्यापूर्वी विधिमंडळातील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कल्पनेला पाठिंबा दिला होता. देशपातळीवर १९६१चा प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७च्या दुरुस्तीने रजेचा कालावधी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाला. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. प्रसूती लाभाच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, तर वार्षिक रजेच्या तरतुदी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आहेत. दोन्ही रजांचा उगमच वेगवेगळ्या संहितांत असल्यामुळे त्यांची सरमिसळ करता येत नाही.

प्रसूती रजेच्या मुख्य अटी थोडक्यात अशा आहेत. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तर २६ आठवडे रजा मिळते. त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक हयात अपत्ये असतील तर रजा १२ आठवड्यांची असते आणि त्यांतील सहा आठवडे आधी घेता येतात. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची वेगळी पगारी रजा आहे. गरोदरपण किंवा प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना मिळू शकतो. हे दिवस वार्षिक रजेतून वजा करणे गैर आहे. ज्यांचे वेतन राज्य कामगार विम्याच्या मर्यादेत येते, त्यांना हा लाभ मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळतो. वार्षिक रजेचा हिशेब मात्र मालकाकडेच राहतो.

वार्षिक रजा कशी जमते

वर्षात १८० दिवस काम झाले की कामगाराला प्रत्येक २० दिवसांच्या कामामागे एक दिवस वार्षिक रजा मिळते. जुन्या कारखाना कायद्यात ही अट २४० दिवसांची होती. येथे प्रसूती रजेच्या बाबतीत एक बारकावा आहे. प्रसूती रजेचे दिवस १८० दिवसांची अट पूर्ण करण्यासाठी धरले जातात, परंतु त्या दिवसांवर नवी रजा जमत नाही.

समजा, एखाद्या स्त्रीची पूर्ण प्रसूती रजा एकाच वर्षात आली आणि त्या वर्षी तिचे प्रत्यक्ष काम १३० दिवसच झाले. केवळ हजेरीपट पाहणारा लिपिक म्हणेल की १८० दिवस भरले नाहीत, म्हणून यंदा रजाच नाही. ते चूक ठरेल. प्रसूती रजेचे दिवस धरल्यावर ती पात्र ठरते आणि १३० दिवसांच्या कामावर तिला साडेसहा दिवस मिळतात. अर्धा किंवा अधिक अपूर्णांक पूर्ण दिवस धरला जात असल्याने ते सात होतात. उलट, वर्षभर २८० दिवस काम करणाऱ्या सहकाऱ्याला १४ दिवस मिळतील. हा फरक कायद्यातच आहे, पण सात दिवसांचे शून्य करणे कायद्यात बसत नाही.

सुट्ट्यांचाही हिशेब दोन खात्यांत वेगळा आहे. प्रसूती रजा आठवड्यांत मोजली जाते, म्हणून तिच्यात रविवार, दिवाळी, नाताळ सारे समाविष्ट होतात. प्रसूती लाभाच्या रकमेतही रविवार धरावेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली कोईमतूरच्या कामगार न्यायालयातून आलेल्या प्रकरणात दिला होता. वार्षिक रजेच्या मध्ये, आधी किंवा नंतर येणारी सुट्टी मात्र त्या रजेत मोजली जात नाही.

तारखांचे एक उदाहरण

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामगार स्त्रीची प्रसूतीची अपेक्षित तारीख २९ ऑक्टोबर २०२६ आहे असे धरू. तिने आठ आठवडे आधी, ३ सप्टेंबरला रजा सुरू केली तर ती ३ मार्च २०२७ रोजी संपेल आणि बाळासोबत १८ आठवडे मिळतील. चार आठवडे आधी, १ ऑक्टोबरला सुरू केली तर रजा ३१ मार्चला संपेल आणि प्रसूतीनंतर २२ आठवडे हाती राहतील.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते. या बाळाचे सहा महिने २८ एप्रिलला पूर्ण होतात. १ ते २८ एप्रिल या काळात चार रविवार येतात, म्हणजे आठवड्याला एक सुट्टी असलेल्या ठिकाणी वार्षिक रजेचे फार तर २४ दिवस खर्ची पडतील. तेवढी रजा शिल्लक ठेवली तर सहा महिन्यांचा मेळ बसतो.

अडचण येते ती वर्षअखेरीस. पुढील वर्षात ३० दिवसांपर्यंतचीच वार्षिक रजा नेता येते. डिसेंबरअखेर ३६ दिवस जमणार असतील तर वरच्या सहा दिवसांचा विचार आधीच करायला हवा. गोव्यात चवथीला रजा घेण्याची प्रथाच आहे. हे सहा दिवस तेव्हा घेता येतील किंवा नव्या संहितेनुसार त्यांचे रोखीकरण मागता येईल. रजेचा अर्ज दिला आणि मालकाने तो नाकारला, तर ती रजा ३० दिवसांच्या मर्यादेबाहेरही पुढे नेता येते. मात्र अर्ज आणि नकार दोन्ही लेखी असले तरच हे सिद्ध करता येते.

सरकारी नोकरीतील नियम

केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९७२च्या रजा नियमांनुसार १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते आणि ती रजा खात्यातून वजा होत नाही. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा होते. असाधारण रजेमुळे ही जमा घटते, प्रसूती रजेमुळे घटत नाही. प्रसूती रजेला जोडून इतर देय रजा दोन वर्षांपर्यंत मागता येते. त्याखेरीज पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. तिच्या पहिल्या ३६५ दिवसांत पूर्ण वेतन आणि पुढील दिवसांत ८० टक्के वेतन मिळते. बालसंगोपन रजा घेतली म्हणून प्रसूती रजा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जोडून घेतलेल्या रजेतील धोका

प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीला कामावरून काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती बिघडवणे बेकायदा आहे. हे कवच प्रसूती रजेपुरते आणि प्रसूतीशी संबंधित आजाराच्या रजेपुरते आहे. त्यापुढची वार्षिक रजा मंजुरीवर अवलंबून असते. ‘शिल्लक आहे, घेईन’ असे गृहीत धरून मंजुरीविना घरी राहिलेल्या स्त्रीवर विनापरवाना गैरहजेरीचा ठपका येऊ शकतो. म्हणून प्रसूती रजेच्या अर्जासोबतच पुढच्या वार्षिक रजेच्या तारखा लेखी द्याव्यात, त्यांवर पोच घ्यावी आणि शिल्लक रजेचा उतारा जवळ ठेवावा. प्रसूतीनंतर प्रकृती बिघडली तर आधी आजाराचा अतिरिक्त महिना मागावा आणि वार्षिक रजेला हात त्यानंतर लावावा.

रजेची सुरुवात लांबवणे हा हिशेब असला तरी अंतिम शब्द डॉक्टरांचाच असावा. कायदा आठ आठवड्यांची मुभा देतो ती प्रकृतीसाठी. दिवस वाचवण्याच्या नादात ती गमावणे शहाणपणाचे नाही. मात्र ज्या रजेचा हक्क आहे ती दुसऱ्या खात्यातून कापली जाऊ नये, एवढी जागरूकता प्रत्येकीने ठेवायला हवी. व्यवस्थापक पदावरील स्त्रियांची वार्षिक रजा बहुधा नियुक्तिपत्र व कंपनीच्या नियमांवर ठरते, तेव्हा ते कागद गरोदरपणाच्या आरंभीच वाचून घ्यावेत. कंपनीचे नियम कायद्याहून उदार असतील तर तेच लागू राहतात आणि कायद्याहून कमी देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही.