कोटमसरच्या अंधारातले रहिवासी

गुहेतले जीव पाहायचे तर घाई सोडावी लागते आणि उजेडाचा हात आखडता ठेवावा लागतो. बस्तरमधल्या कोटमसर गुहेत बहुतेकांच्या नजरा छताकडे लागलेल्या असतात, कारण चुनखडीची लोंबती झुंबरं डोळ्यांत भरतात. खरी वस्ती मात्र पायाशी, भिंतींच्या फटींत आणि डबक्यांत आहे.

जगदलपूरजवळच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली ही गुहा भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी १९५१ साली धुंडाळली. तोंड अरुंद, त्यामुळे अंग चोरून उतरावं लागतं. बाहेर हिवाळ्याचा गारवा होता, आत मात्र दमट ऊब. इथलं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही.

माणसांचा घोळका पुढे गेल्यावर वाटाड्याबरोबर आम्ही भिंतीशी उकिडवे बसलो. मंद टॉर्च तिरका धरला तेव्हा दगडावर एक फिकट रातकिडा दिसला. अंग नखभर, मिशा मात्र त्याहून कितीतरी लांब. पाऊल टाकण्याआधी तो त्या मिशांनी पुढचा दगड चाचपायचा, थांबायचा, मग सरकायचा. १९७७ साली शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिवारींच्या नावावरून तिला ‘केम्पिओला शंकरी’ हे नाव दिलं.

रातकिड्याचं पोट भरतं कशावर? इथे सूर्यप्रकाश नाही, म्हणून हिरवं पानही नाही. वटवाघळं रात्री बाहेर जाऊन किडे खातात आणि परतल्यावर त्यांची विष्ठा गुहेत पडते. त्या विष्ठेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्यावर हा रातकिडा आणि इतर बारीक किडे जगतात आणि त्या किड्यांवर कोळी टपलेले असतात.

डबक्याशी आणखी वेळ थांबलो. तळाच्या गाळात बोटाच्या दोन पेरांएवढा, फिकट गुलाबी मासा निपचित पडला होता. एकाएकी तो सरळ वर आला, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतला आणि परत तळाला गेला. टॉर्चचा झोत जवळ नेताच तो कपारीत शिरला. इथल्या काही माशांचे डोळे अगदी बारीक असतात, तर काहींचे जवळपास नाहीसेच झालेले. वाट शोधायचं काम तोंडाभोवतीच्या मिशा करतात. हा आपल्या ओढ्यांतल्या मुऱ्याच्या गोतातला. ज्या जातीत त्याची गणना होत आली आहे, तिचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या माशांवरून केलं होतं. सूर्य कधीच न दिसणाऱ्या या जिवात दिवस-रात्रीचं घड्याळ उरतं का, हे रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या हवा घेण्याच्या वेळा नोंदवून तपासलं. त्यांना ती लय टिकून असल्याचं आढळलं.

पावसाळ्यात गुहा बंद असते, कारण आत पुराचं पाणी भरतं. पर्यटकांच्या दृष्टीने हे महिने वाया जातात, पण माशांच्या दृष्टीने तीच सुगी. पुराबरोबर जंगलातला पालापाचोळा, काटक्या, किडे आत येतात. पाणी ओसरलं की डबकी पुन्हा सुटी होतात आणि साठलेल्या अन्नावर मासे पुढचा पावसाळा येईपर्यंत तग धरतात.

गुहा म्हणजे जगापासून तुटलेली जागा, हा समज इथे बसल्यावर टिकत नाही. आतला प्रत्येक घास बाहेरच्या जंगलातून येतो. वरची झाडं गेली तर पुराबरोबर पाचोळ्याऐवजी माती येईल. वटवाघळं बुजून निघून गेली तर रातकिड्याचं ताट रिकामं होईल. म्हणून आत गेल्यावर आवाज आणि झगझगीत दिवे टाळले, खडकांना हात लावला नाही, तर ते आपल्याकडून निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम गुहेबाहेर, डोंगरावरचं रान आणि ओढे राखण्याचं आहे. वन खात्याने गुहेच्या दारावर पहारा ठेवावाच, पण त्या रानाकडेही तितक्याच काळजीने पाहावं.