बुडणारा बर्फ

बर्फ पाण्यावर तरंगतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. सरबताच्या पेल्यात रोज दिसतंच. पण बर्फाचा असाही एक खडा असतो, की तो पेल्यात टाकला रे टाकला की थेट तळाला जाऊन बसतो. त्यात मीठ मिसळलेलं नाही, मध्ये गोटी लपवलेली नाही. रसायनशाळेत नेऊन तपासा: दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. म्हणजे पाणीच की! मग बुडतो का?

कारण त्याचा हायड्रोजन वजनदार आहे.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक इवलंसं केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन किती, यावरून तो अणू कोणाचा ते ठरतं. एक प्रोटॉन असला तर हायड्रोजन, सहा असले तर कार्बन, ७९ असले तर सोनं. इथे घासाघीस चालत नाही. केंद्रकात दुसरेही कण असतात, न्यूट्रॉन. त्यांच्या बाबतीत मात्र निसर्गाने बरीच मोकळीक ठेवली आहे. साध्या हायड्रोजनमध्ये न्यूट्रॉन नसतोच. एक असला तर तो झाला ड्युटेरियम, वजनाने जवळजवळ दुप्पट. दोन असले तर ट्रिटियम. हा तिसरा भिडू अस्थिर, म्हणजे किरणोत्सारी. सव्वाबारा वर्षांत त्याचे निम्मे अणू बदलून हीलियम होऊन जातात. तिघेही हायड्रोजनच. आवर्तसारणीत तिघांना मिळून एकच घर, म्हणून त्यांना हायड्रोजनची समस्थानिके म्हणतात.

उकडीचे दोन मोदक डोळ्यांसमोर आणा. पारी तशीच, कळ्या तितक्याच, पण एकात सारण दाबून भरलंय. नुसतं बघून फरक कळणार नाही, हातात घेतल्यावर कळेल. अणूची पारी म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन. रसायनशास्त्रातल्या सगळ्या जोड्या जुळतात नि मोडतात त्या या इलेक्ट्रॉनांच्या जिवावर, आणि ते समस्थानिकांमध्ये सारखेच असतात. म्हणून तर ही भावंडं इतकी वर्षं एकमेकांत बेमालूम लपून राहिली.

तुमच्या ताटातल्या मिठातही अशी भावंडं आहेत. मिठातल्या क्लोरीनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन ३५ वजनाचे आणि एक ३७ चा. पुस्तकात क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ दिलेलं असतं, ते याच्यामुळे. अर्धा न्यूट्रॉन कुठे नसतो, ती सरासरी आहे! कथलाची तर दहा स्थिर समस्थानिके आहेत. सोन्याचं मात्र एकच. आईच्या मंगळसूत्रातला सोन्याचा अणू आणि कोलारच्या खाणीतला सोन्याचा अणू, वजनाला अगदी सारखे.

पण ३५ आणि ३७ मध्ये फरक तो केवढासा? हायड्रोजनची गोष्ट वेगळी. तो मुळात सगळ्यात हलका. एक न्यूट्रॉन वाढला की वजन थेट दुप्पट, आणि मग सगळ्या खोड्या सुरू होतात. ड्युटेरियमपासून बनलेलं 'जड पाणी' साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के जड भरतं. ते शून्यावर नाही, ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं. आणि उकळतं १०१.४ अंशांना. त्याचा बर्फ साध्या पाण्याहून किंचित जड, म्हणून बुडतो. जड पाण्यात टाकला तर मात्र निमूट तरंगतो!

हे ड्युटेरियम सापडलं १९३१ साली, अमेरिकेत. हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ विचार केला: जड अणू आळशी असणार, ते सहजासहजी उडून जाणार नाहीत. म्हणून त्यांनी उणे २५९ अंशांपर्यंत थंड केलेला द्रव हायड्रोजन हळूहळू उडू दिला. तळाशी जे थोडंसं उरलं, त्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला. हायड्रोजनच्या ठळक रेषेशेजारी एक फिकट रेषा दिसली, गणिताने सांगितली होती बरोबर तिथेच. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही, की तेव्हा न्यूट्रॉन कुणालाच माहीत नव्हता. चॅडविक यांनी तो शोधला १९३२ मध्ये. म्हणजे वजन आधी सापडलं, ते कशाचं हे नंतर कळलं. युरींना १९३४ चं नोबेल मिळालं. समारंभाला ते गेले नाहीत. घरी बाळ व्हायचं होतं!

आता तुमच्या नळाच्या पाण्याकडे या. त्यातल्या सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. ५० किलोच्या माणसाच्या अंगात एवढं ड्युटेरियम असतं, की त्याचं चमचाभर जड पाणी व्हावं. घाबरू नका, ड्युटेरियम किरणोत्सारी नाही.

ते वेगळं काढायचं काम आपल्याकडेही चालतं, अलिबागजवळ थळला. तिथे खताचा कारखाना आहे. युरियासाठी आधी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. तो वायू वाटेत शेजारच्या जड पाणी प्रकल्पात जातो. तिथे त्यातलं ड्युटेरियम वेचून घेतात आणि उरलेला वायू खतासाठी परत पाठवतात. खताचं काही बिघडत नाही. जड पाणी लागतं तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसारख्या ठिकाणी. युरेनियम फुटताना न्यूट्रॉन सुसाट सुटतात. त्यांचा वेग कमी केला तर ते पुढचा अणू फोडू शकतात. साधं पाणी वेग कमी करतं खरं, पण न्यूट्रॉन गिळूनही टाकतं. जड पाणी सहसा गिळत नाही. गिळणार कसं, त्याच्या पोटात एक आधीच आहे!

आणि चव? ते चाखण्याची हौस शास्त्रज्ञांना सुरुवातीपासून होती. गिल्बर्ट लुइस यांनी जवळजवळ शुद्ध जड पाणी पहिल्यांदा मिळवलं, तेव्हा एका उंदराला थोडं पाजून पाहिलं. उंदीर विचित्र वागला, पण जगला. खुद्द युरींनी १९३५ मध्ये सांगून टाकलं, की चवीत काही फरक नाही. पुढे कितीतरी वर्षं काही जण म्हणत राहिले, की नाही हो, गोडसर लागतं. अखेर २०२१ मध्ये प्रागच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी लोकांना चाखायला देऊन आणि उंदरांपुढे ठेवून नीट पडताळलं. माणसाच्या जिभेवर साखर ओळखणारा जो ग्राहक असतो, तोच जड पाण्यानेही जागा होतो. म्हणजे ते खरंच गोडसर लागतं. थेंबभर चाखलं तर काही होत नाही, पेलेच्या पेले रिचवायचे मात्र नाहीत. अंगातलं निम्मं पाणी जड झालं, तर पेशींचं विभाजनच अडतं आणि सस्तन प्राणी जगत नाहीत.

आणि साखरपाण्यावर तुटून पडणाऱ्या उंदरांचं काय झालं? त्यांना ते मुळीच गोड लागलं नाही.