पाया पुराआधी खणायचा असतो

मंडळी, आज आपण जालना एमआयडीसीत बसलो आहोत. इथे सळई तयार होते, त्यामुळे पायाचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको.

मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशूने दोन घरांचा दाखला दिला आहे. एक खडकावर बांधलेलं, दुसरं वाळूवर. नीट वाचलं तर दिसतं की पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांवर सारखेच येतात. श्रद्धा आहे म्हणून संकटातून सूट मिळत नाही. शिवाय वचन दोघेही ऐकतात. फरक आहे तो आचरणात. लूक आणखी एक तपशील देतो: शहाण्याने खोल खणलं होतं. पूर आल्यावर कोण खणणार?

पंडिता रमाबाईंकडे पाहू. आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये पती गेले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायकामुलींना सांभाळत त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करू लागल्या. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी 1922 मध्ये स्वतः जाण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरं केलं. हे बळ एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षं रोज वचनाशी बसल्यानेच ते साठलं, असं आम्हाला वाटतं.

आपण रोज चार-पाच ओव्याच वाचू, पण तीन प्रश्न विचारू: इथे काय म्हटलंय? ते आपल्याला कुठे लागू पडतं? आणि आज आपण काय करणार? तिसऱ्याचं उत्तर वहीत लिहून भागत नाही. ते पाळीवर, घरात, शेजारी द्यावं लागतं.