मोबाइलचा स्क्रीन रेकॉर्ड कसा करावा?

स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर जे घडते त्याचा व्हिडिओ. ही सोय आयफोनमध्ये 2017 साली आयओएस 11 सोबत, तर अँड्रॉइडमध्ये 2020 साली अँड्रॉइड 11 सोबत आली. त्यामुळे सहसा वेगळे अ‍ॅप लागत नाही.

अँड्रॉइड: पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढावे आणि 'स्क्रीन रेकॉर्ड' निवडावे. आवाज फोनमधला हवा, माइकचा हवा की दोन्ही, हे ठरवून सुरुवात करावी. स्पर्श दाखवण्याचा पर्याय चालू केला की बोट टेकते तिथे ठिपका उमटतो; शिकवण्याच्या व्हिडिओत तो फार उपयोगी पडतो.

आयफोन: कंट्रोल सेंटरमध्ये गोलात गोल असलेले बटण दाबावे. 3 सेकंदांनी रेकॉर्डिंग सुरू होते. तेच बटण दाबून धरल्यास माइक चालू करता येतो. व्हिडिओ 'फोटोज'मध्ये जतन होतो.

कॉपीराइटमुळे अनेक ओटीटी अ‍ॅप्सचे चित्र काळे येते. सूचनाही व्हिडिओत उमटतात, म्हणून आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावावे. ओटीपी, पासवर्ड किंवा बँकेचा तपशील दिसत असलेला व्हिडिओ कोणालाही पाठवू नये.