सावळ्या त्वचेला कोणते पील?

केमिकल पील म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर मुद्दाम, मोजूनमापून उतरवणे. खालून नवी त्वचा येते, ती नितळ दिसते, म्हणून मुरमांचे डाग, वांग, निस्तेजपणा यांवर हा उपाय सुचवला जातो. तरी ती अखेर इजाच, आणि आपली त्वचा ती कशी सोसते यावर सारा निकाल ठरतो. उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडण्याची पद्धत अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडली. आज तिचे सहा प्रकार मानतात आणि बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेतल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी फार लवकर चाळवतात. साधी पुळी फुटली तरी मागे काळा डाग राहतो, मग जोरदार आम्लाने काय होईल? ज्या डागासाठी पील केले, त्याहून गडद डाग महिनोन्‌महिने वागवावा लागतो. म्हणूनच गव्हाळ किंवा सावळ्या माणसाने सौम्य पीलपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

सौम्य म्हणजे कोणते, हे आम्लाच्या स्वभावावरून कळते. उसात सापडणाऱ्या ग्लायकोलिक आम्लाचा रेणू पीलच्या नेहमीच्या आम्लांत सर्वांत लहान, त्यामुळे ते झपाट्याने आत शिरते आणि वेळ भरताच ते निष्प्रभ करावे लागते. मँडेलिक आम्लाचा रेणू त्याच्या दुप्पट जड. ते हळूहळू मुरते, म्हणून नाजूक किंवा चटकन काळवंडणाऱ्या त्वचेला ते मानवते. कोरड्या त्वचेला लॅक्टिक आम्ल बरे. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला सॅलिसिलिक, कारण ते तेलात विरघळते आणि रंध्रांत उतरते. २० ते ३० टक्क्यांचे सॅलिसिलिक लावल्यावर द्रावणातले अल्कोहोल उडून जाते आणि चेहऱ्यावर पांढरी भुकटी धरते. ते नुसते स्फटिक असतात, ओल्या कपड्याने निघतात. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लानंतर येणारा पांढरेपणा मात्र गोठलेल्या प्रथिनांचा. तो पुसून जात नाही आणि आम्ल किती खोल गेले ते सांगतो. हा फरक ओळखणारी नजर सरावाने येते. फिनॉलचे पील त्याहूनही खोल जाते, हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आपल्या त्वचेसाठी त्याचा विचारच नको.

यावर कोणी म्हणेल, सौम्य पीलच्या दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा बैठकी कराव्या लागतात. पैसा आणि वेळ दोन्ही जातात. खरे आहे. पण जोरदार पीलने उठलेले डाग घालवायला याहून जास्त पैसा आणि वेळ लागतो. मुरमांचे खोल खड्डे सौम्य पीलने भरत नाहीत, हा आक्षेपही रास्त आहे. पण त्यासाठी चेहराभर तीव्र आम्ल फासणे हा मार्ग नव्हे. तज्ज्ञ नेमक्या खड्ड्यात तेवढाच थेंब टेकवतात. तिसरा आक्षेप हल्ली फार ऐकू येतो: तेच आम्ल, तेवढ्याच टक्क्यांचे, ऑनलाइन स्वस्तात मिळत असताना दवाखाना कशाला? टक्के सारखे असले तरी द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, जितका कमी तितके ते जास्त बोचते. शिवाय त्वचा किती लाल झाली की थांबायचे, हे बाटलीवर वाचून कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये घरी वापरायच्या तीव्र पीलबद्दल नागरिकांना जाहीर इशारा दिला, तो भाजणे आणि कायमचे व्रण राहणे या धोक्यांमुळेच.

आम्ल ठरवण्याआधी त्वचेची तयारी लागते. दोन ते चार आठवडे रोज सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. उन्हात काम करणाऱ्याला ते जमणार नसेल, तर पील पुढे ढकललेलेच बरे. गरोदर असाल, ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, ओठांवर वारंवार नागीण उठत असेल किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. आणि गोरेपणासाठी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावत असाल, तर ती ट्यूब सोबत न्या. अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड असते, त्याने त्वचा पातळ होते, आणि पातळ झालेल्या त्वचेवर सौम्य पीलही भाजू शकते.