एकच इंजिन, अनेक बोधचिन्हे

मोटार विकत घेणाऱ्याचा विश्वास बहुधा तिच्या अग्रभागी असलेल्या बोधचिन्हावर बसलेला असतो, आणि म्हणूनच बोनेटखालील इंजिन वस्तुतः दुसऱ्याच कंपनीचे आहे, असे कानी येताच त्याचे मन साशंक होते. फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, जे २००३ साली युरोपात अवतरले आणि पुढे आपल्याकडे फियाटच्या पुंटोत ‘मल्टिजेट’, मारुतीच्या स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’ व टाटांच्या इंडिका व्हिस्टात ‘क्वाड्राजेट’ या नावांनी नांदले, ते अशा शंकांचे ठळक उदाहरण होय.

गैरसमज : परक्याचे इंजिन घेणे हे असमर्थतेचे लक्षण आहे.
वस्तुस्थिती : नवे इंजिन आरेखणे, त्याच्या दीर्घ चाचण्या घेणे, यंत्रसामग्री उभारणे आणि प्रदूषणाच्या उत्तरोत्तर कठोर होणाऱ्या नियमांत ते बसविणे, हा खर्च इतका प्रचंड असतो की तो लाखो नगांवर विभागला गेला तरच परवडतो. मर्सिडीझसारख्या मातब्बर कंपनीनेही ए-क्लासच्या काही आवृत्त्यांत रेनोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन योजिले. आपल्याकडेही ही रीत जुनीच आहे : हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाला इसुझूचे, तर प्रीमियरच्या ११८ एनईला निस्सानचे इंजिन लाभले होते.

गैरसमज : अशी इंजिने परदेशातून तयार आणून केवळ बसविली जात.
वस्तुस्थिती : मारुतीसाठी फियाटची ती डिझेल इंजिने परवान्यान्वये हरियाणातील मानेसर येथे, तर फियाट व टाटा यांच्यासाठी उभयतांच्या भागीदारीतील, पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असत, त्यामुळे इटालियन आरेखनाची ही इंजिने इथल्याच कामगारांच्या कौशल्याने घडली, हे मराठी वाचकाने आवर्जून ध्यानी ठेवावे.

गैरसमज : इंजिन एक, तर गाडीही एकच.
वस्तुस्थिती : याच इंजिनाला साधा टर्बो जोडला असता सुमारे ७५ अश्वशक्ती मिळे, आणि वायुप्रवाहानुसार पात्यांचा कोन बदलणारा टर्बो जोडला असता, जसा मारुतीच्या एसएक्स४ मध्ये व टाटांच्या मांझामध्ये होता, सुमारे ९०. याखेरीज गाडीचे वजन, गिअरांची गुणोत्तरे व इंधनपुरवठ्याचे संगणकीय नियंत्रण यांची तजवीज प्रत्येक कंपनी आपापल्या मगदुराप्रमाणे करते. म्हणून चालकास येणारा अनुभव भिन्न असतो.

गैरसमज : एकीचे सुटे भाग दुसरीला बिनदिक्कत बसतात.
वस्तुस्थिती : अंतर्भागातील कित्येक भाग समान असले, तरी आधारकंस, वायरिंग व नियंत्रण-संगणक निराळे असू शकतात, शिवाय हमीची जबाबदारी गाडी विकणाऱ्या कंपनीवर असते, इंजिनाच्या मूळ जनकावर नव्हे. सबब, भागाचा क्रमांक ताडून पाहिल्यावाचून तो बसवू नये.

गैरसमज : हा सारा व्यवहार म्हणजे ग्राहकाची फसवणूक.
वस्तुस्थिती : इंजिन सामायिक असणे ही फसवणूक नव्हे, ते लपविणे मात्र आक्षेपार्ह आहे. अमेरिकेत १९७७ साली जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत शेव्हरोलेची इंजिने आढळली, तेव्हा ग्राहकांनी न्यायालयात दावे गुदरले आणि कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. इंजिनाचे मूळ, त्याची शक्ती आणि दुरुस्तीची व्यवस्था यांचा तपशील खरेदीपूर्वी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो निःसंकोच सांगणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे.